फळ्याकडे तोंड

पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्हाला तेल्हाऱ्याकडच्या एका शाळेत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वर्गात, साडीच्या आडोशाला, सून बाळंत झाली. आठवाच महिना होता. ओंजळीत मावेल एवढी मुलगी झाली. माझा मुलगा अमरावतीला, राजापेठेत दुकानावर कामाला, रस्ते बंद.

नर्सबाई ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, म्हणून मी कोळसे शोधत होते. त्यांनी हात धरला.

"धूर नका करू मावशी. लेकराचे पाय पाहा, गार पडले. पोलकं उघडा अन् उघड्या अंगाले लावा तिले. वरून चादर घ्या."

"तिच्या मायले लावा न."

"मायले ताप भरला, हुडहुडी भरून राहिली. गाडी येईपर्यंत काचेची पेटी मी कुठून आणू? तुमीच पेटी."

मी उभीच राहिले. आडोशाची साडी रक्त टिपायला गेली होती. वर्गात चार घरची माणसं, आणि दाराशी माझे भासरे, मालकांचे थोरले भाऊ. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकला नव्हता, की एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं तर मध्ये एखादं लेकरू घालायचं.

त्यांनी ऐकलं असावं. भिंतीकडे पाहत म्हणाले, "सिस्टर, त्यायले सांगा, लाजू नका म्हणा. कोणाले आत येऊ देत नाही, मी फळ्याकडे तोंड करून बसतो." मग बाकीच्या गड्यांवर खेकसले, "तुमी काय पाहून राहिले बे? व्हा बाहेर वऱ्हांड्यात!"

तीन दिवस मी पोत्याला टेकून बसले. लघवीला जायचं तर शेजारीण मुलीला घ्यायची, तीही कुरकुरत. दर दोन तासांनी सुनेचं दूध वाटीत काढायचं, चमच्यानं थेंब थेंब पाजायचं. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग लाजायलाही जोर उरला नाही. कंबर धरली. डोळा लागला की दचकून मुलीच्या पायाला हात लावायचा. गार आहेत का? नाहीत. पुन्हा डोळा लागायचा.

समोर भासऱ्यांची पाठ. खिचडीसुद्धा ते तसेच बसून खायचे. फळ्यावर सतराचा पाढा अर्धाच लिहिलेला होता. तो मी मनात पुरा करायची, चुकायची, पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं, गाडी आली. नर्सबाईंनी मुलीला तपासलं. "अंग ऊन आहे. चोखूनही राहिली," म्हणाल्या. सुनेचा ताप गेला होता. मुलगी तिच्या छातीला लावून दिली. मी पोलकं लावलं, पदर डोक्यावर घेतला.

भासरे अजून तसेच बसलेले. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मध्ये घालायला आसपास लेकरूही नव्हतं.

"वळा आता," मी म्हटलं. "पोरगी चांगली आहे."

त्यांना लगेच वळता आलं नाही. मान आखडली होती.