बटण दाबा म्हणणारी आत्या

माझी आत्या बोलायला लागली की देश ऐकायचा. ही थाप नव्हे. देशातलं पहिलं पॉप गाण्यांचं रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हापासून ती तिथली निवेदिका. पुढे तिच्या मुलीला दिवस गेले आणि त्याच सुमाराला घशाच्या ऑपरेशनमध्ये आत्याचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते. तिला एकच ध्यास, नातीला एकदा आपला आवाज ऐकवायचा.

केंद्राची पंचविशी आली. जुने कार्यक्रम पुन्हा लावणार म्हणे. म्हटलं, आयतीच संधी. जाऊन बघते तर काय, केंद्राकडे एकही जुना कार्यक्रम नाही. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं भरायचे. मी तिथल्या तंत्रज्ञावर तोंडसुख घेतलं.

"ताई, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता," तो म्हणाला.

मग त्यानेच श्रोत्यांना आवाहन केलं. लोकांनी रेडिओवरून गाणी भरून घेतलेल्या कॅसेटी पोत्यांनी आल्या. त्याने त्या सगळ्या ऐकल्या आणि आम्हाला बोलावलं. आत्या नातीचं बोट धरून, चक्क लिपस्टिक लावून आली.

तंत्रज्ञाचा चेहरा पडलेला होता. एक निवेदक गाण्यावरच बडबडायचा, लोक त्याला भोंगा म्हणायचे. तो मेला प्रत्येक कॅसेटवर होता. आत्या कुठेच नव्हती.

"आत्यांच्या कार्यक्रमातली गाणीही ढिगाने आहेत, लोकांनी कॅसेटींवर तसं लिहिलंय," तंत्रज्ञ म्हणाला, "पण नुसती गाणीच."

मला तिची पद्धत आठवली. गाणी भरून घेणाऱ्यांची तिला केवढी काळजी. गाण्याचं नाव सांगून म्हणायची, "चला, बटण दाबा," आणि गप्प. गाणं संपल्यावरही लोकांनी बटण बंद करेपर्यंत थांबायची. म्हणून तर ती सगळ्यांची लाडकी. तिने स्वतःच स्वतःला निगुतीने बाहेर ठेवलं होतं, आणि लोकांनी तिचा शब्द मोडला नव्हता.

आत्याने पाटीवर लिहिलं, "माझीच करणी."

"आजी, मग तुझा आवाज कसा होता?" नातीने विचारलं.

मी नक्कल करून पाहिली. आत्याने नकारार्थी मान हलवली. पोरीने पुन्हा तेच विचारलं. आत्याने सवयीने सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.