भोपळ्याची पाटी

आमच्या भागातल्या कुत्र्यांच्या आसऱ्यात अकरा पिंजरे आहेत आणि ते सगळे मावशी धुते. बाह्या कोपरापर्यंत वर, हातात पाण्याची नळी आणि पायांत आधीच्या माणसाचे दोन नंबर मोठे रबरी बूट. ती दिसायच्या आधी बुटांचा फटक-फटक आवाज येतो आणि कुत्री उठून उभी राहतात. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ती मला पेंटर म्हणते.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाड्या लावू नयेत'च्या. बायको गेल्यावर रविवार खायला उठायचा, म्हणून आसऱ्यात जायला लागलो. तिथे प्रत्येक पिंजऱ्यावर खडूने माहिती लिहायची पद्धत होती. नळीचं पाणी उडालं की अक्षरं वाहून जायची. मी म्हटलं, हा काय पोरखेळ लावलाय! पत्र्याच्या पाट्या कापून आणल्या, तैलरंगात लिहून दिल्या आणि छाती फुगवून सांगितलं, ''दहा वर्षं अक्षर हलणार नाही.'' त्या काळात मी बोललेलं तेवढं एक वाक्य खरं निघालं.

नुसतं अक्षर काढून माझं भागेना. रद्दीवाल्याकडे कुत्र्यांच्या जातींचं एक चित्रांचं पुस्तक मिळालं. ते दोनदा वाचलं आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो. लॅब्रडोर खादाड असतो, शेफर्ड मालकाची पाठ सोडत नाही, डॅशहुंड बाग खणून काढतो. येईल त्याला ऐकवायचो. नवा कुत्रा आला की पुस्तक काखेत मारून पिंजऱ्यासमोर उभा राहायचो आणि जात सांगायचो. कारकून तीच जात रजिस्टरात उतरवायचा, कारण मी ठासून बोलायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

अशा दिवसांत भोपळ्या आला. तोंड हे एवढं रुंद, डोळे बारीक, जबडा फुगलेला. जवळ गेलं की गुरगुरायचा. मावशीने बघताक्षणी नाव ठेवलं, ''अगं बाई, हा तर भोपळ्या!'' आणि मला म्हणाली, ''पेंटर, याचं तोंड सुजलंय हो. दुखतंय त्याला.'' मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. पुस्तकात चौपन्नाव्या पानावर तसंच रुंद डोकं होतं. मी ब्रश उचलला आणि लाल रंगात लिहिलं : जात पिटबुल. आक्रमक. लहान मुलं असलेल्या घरात देऊ नये.

दोन दिवसांनी डॉक्टर आले. पाटी वाचून हसले.

''पेंटर, रस्त्यावरच्या कुत्र्याची जात तोंड बघून सांगायची म्हणजे चपला बघून माणसाचं आडनाव सांगायचं. आणि जात कळली तरी स्वभाव कळतो असं थोडंच आहे?''

''पुस्तकात फोटो आहे,'' मी म्हणालो.

त्यांच्या टेबलावर पाय मोडलेलं पिल्लू होतं, त्यामुळे ते वाद घालायला थांबले नाहीत. भोपळ्याची किडलेली दाढ मात्र त्यांनी त्याच दिवशी काढली. आठ दिवसांत सूज ओसरली आणि थोबाड निम्म्यावर आलं. खाली निघालं ते कुठल्याही गल्लीत दिसेल असं साधं, लांबट, मातकट तोंड. गुरगुरणं तर दाढेबरोबरच गेलं. मावशी त्याच्या तोंडात हात घालून अडकलेलं हाडूक काढायची आणि तो डोळे मिटून उभा राहायचा.

मला हे दिसलं. मी काही आंधळा नव्हतो. पण पाटी बदलायची तर डॉक्टर बघणार, कारकून विचारणार, आणि आजवर जाती सांगत मिरवलो त्याचं काय? आपणच लिहिलेलं आपणच खोडायचं? आज नको, पुढच्या रविवारी बघू. असे दोन वर्षं चार महिने पुढचे रविवार गेले. लिहायला मला पाव तास लागला होता.

मावशीला वाचता येत नाही. धाकटी भावंडं सांभाळायला दुसरीतूनच घरी बसवलं होतं तिला. पिंजरे ती रंगावरून ओळखायची. माझ्या पाट्यांचं तिला फार कौतुक. रोज फडक्याने पुसायची, भोपळ्याची तर दोनदा, कारण तिला लाल रंग आवडायचा.

लोक यायचे, भोपळ्यासमोर थांबायचे, तो शेपूट हलवत जाळीला नाक लावायचा, ते मान वर करून पाटी बघायचे आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जायचे. दर वेळी असंच. मावशीला वाटायचं, त्याला रूप नाही म्हणून जातात. मग रविवारी सकाळी ती त्याला साबण लावून अंघोळ घालायची, डोळ्यांच्या कडा ओल्या कापसाने पुसायची, स्वतःच्या कंगव्याने अंग विंचरायची. म्हणायची, ''माझ्यासारखाच आहे मेला, किती घासलं तरी उजळायचा नाही!'' आणि हसायची. मीही हसायचो. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा तिने विचारलं, ''पेंटर, काय लिहिलंय हो यावर?''

तेव्हा खरं सांगता आलं असतं. ब्रश माझ्या हातातच होता.

''शांत आहे, मायाळू आहे, मुलांत रमतो,'' मी म्हणालो.

तिचा चेहरा असा खुलला की मी तिथून निघूनच गेलो. दुसऱ्या दिवसापासून ती येईल त्याला सांगायला लागली, ''वाचा ना, शांत आहे म्हणून लिहिलंय! पोरांत रमतो!'' लोक पाटी बघायचे, मग तिच्याकडे बघायचे आणि आपल्या मुलाचा हात घट्ट धरायचे. एक बाई तर म्हणाली, ''काय खोटारडी माणसं ठेवलीत इथे.'' मावशीला कळलंच नाही ती कुणाला बोलली. मी तीन पिंजरे सोडून उभा होतो. मला कळलं.

मग गेल्या महिन्यात एक जोडपं आलं. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. नुकतं वाचायला शिकलेलं पोर दिसेल ते वाचत सुटतं, तशी ती फाटकापासून प्रत्येक अक्षर वाचत आली होती. भोपळ्याने जाळीतून तिची बोटं चाटली. ती खिदळली, मग मान वर करून मोठ्यांदा वाचायला लागली, ''पि-ट-बु-ल. आ-क्र-मक. लहान मुलं असले-ल्या घरात देऊ न-ये.'' आईने तिला मागे ओढलं आणि तिघं निघून गेले.

मावशीने नळी खाली ठेवली. बुटांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

''पेंटर, ती मुलगी नीट वाचते का?''

देवाशपथ सांगतो, 'लहान आहे, चुकली' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण तिचे हात साबणाने सुरकुतलेले होते. रविवार होता, त्याला अंघोळ घालून झाली होती.

''नीट वाचते,'' मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ''मला वाटायचं, माझंच धुणं कमी पडतंय.''

आणि नळी उचलून सहाव्या पिंजऱ्याकडे गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दुकान उघडलंच नाही. आसऱ्यात गेलो आणि कारकुनाला, डॉक्टरांना, सगळ्यांना सांगितलं, सुरुवातीपासून. भोपळ्याला मीच घरी नेतो म्हणालो. ही काही भरपाई नव्हे. त्याचं वय झालंय, हनुवटी पांढरी पडलीय, उमेदीची वर्षं त्या जाळीमागे गेली ती गेलीच. कारकुनाने अर्ज पुढे केला. त्यात 'स्वभाव' अशी एक ओळ असते, ती सांभाळणाऱ्या माणसाला विचारून भरायची असते. मी मावशीकडे गेलो.

''सांग, तू सांगशील तसं लिहितो.''

तिने ओले हात पुसले. थोडा विचार केला.

''लिहा. डाव्या बाजूने चावून खातो, उजवीकडची दाढ नाहीये. भांडं वाजलं की घाबरतो. अंघोळ आवडते. कधी कुणाला चावला नाही.''

मी एकेक अक्षर कोरून लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं अक्षर मी कुठल्या दुकानासाठी काढलं नसेल. लिहून झालं तसा तिने कागद माझ्या हातातून घेतला, त्यावर एक नजर टाकली आणि फटक-फटक करत डॉक्टरांच्या खोलीत गेली.

''डॉक्टर,'' आतून तिचा आवाज आला, ''यात काय लिहिलंय, ते तेवढं मला वाचून दाखवा.''

मी भोपळ्याची साखळी धरून बाहेर उभा राहिलो.