हात दिसला, रस्ता नाही

आमच्या तात्यांची, म्हणजे वडिलांची, जीप मिलिटरीच्या लिलावातली होती आणि तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. मिरजगावच्या बाजाराला माणसं ने-आण करण्यावर आमचं घर चालायचं. डावीकडे बसून गाडी हाकणाऱ्याला पुढची गाडी ओलांडायची म्हटलं, की समोरचं काही दिसत नाही. उजवीकडे जो बसला असेल त्याने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, जा किंवा थांबा. त्यामुळे तात्या त्या जागेवर वाटेल त्याला बसू देत नसत. बडबड्या माणसाला तर नाहीच. एखाद्या पाहुण्याला राग यायचा, आपल्याला मुद्दाम मागे बसवलं असं वाटायचं. तात्या त्याला म्हणायचे, "तिथं मान लागत न्हाई पाव्हनं, डोळं लागत्यात."

त्या दिवशी तिथे आई बसली होती. दुष्काळाचं साल होतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या आणि सुटका होत नव्हती. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि हात टेकले. म्हणाले, नगरला न्या, इथे वेळ घालवू नका. दाजी त्यांच्या गावी, त्यांना निरोप पोचायचा होता. मागच्या बाजूला गोधड्या टाकून अक्काला निजवलं. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं, कारण आईला तिच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून आई पुढे बसली, उजवीकडे.

घोगरगाव मागे पडलं आणि पुढे कडब्याचा ट्रक आला. जनावरांच्या छावण्यांना असे ट्रक तेव्हा लांबून लांबून यायचे. कडबा दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलेला, की रस्त्यावरून एक गंजीच चालली आहे असं वाटायचं. डांबरी पट्टा तेव्हा एका गाडीपुरताच होता. ओलांडायचं तर पुढच्याने साईडपट्टीवर, म्हणजे कडेच्या मातीवर उतरायला हवं. पण दुष्काळी कामांवर फोडलेल्या खडीचे ढीग दोन्ही कडांना लागलेले होते. मध्येच एखादी फट यायची, तीही ट्रक उतरेल एवढी नव्हती. आमच्यासारखी जीप मात्र उजव्या फटीतून कशीबशी निघाली असती. तात्यांचा हॉर्न त्याच्या इंजिनाच्या आवाजात ऐकूच जात नसावा.

तात्या चिडले नाहीत. मला मात्र त्या ट्रकवाल्याचा इतका राग आला होता, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी मनात करून टाकला. तात्या उलट जरा मागेच राहिले. आई म्हणाली, "अवो, जवळ तरी जावा." ते म्हणाले, "जवळ गेलं की निसता कडबा दिसतो." रस्ता डावीकडे वळला की ते खिडकीबाहेर झुकून ट्रकच्या कडेने पुढचं बघायचे, आणि पुन्हा सरळ व्हायचे. थोड्या थोड्या वेळाने हॉर्न द्यायचे, फार लांब नाही. अक्का कण्हली की त्यांचे खांदे वर यायचे, हे मला मागून दिसत होतं. पण गाडी जशी चालली होती तशीच चालली होती.

मग आईने ते बघितलं. ट्रकच्या उजव्या खिडकीतून ड्रायव्हरचा हात बाहेर आला आणि हलला.

"साईड दिली त्यानं," आई म्हणाली. "हात केला. घाला म्होरं."

"रस्ता दिसतोय का?" तात्यांनी विचारलं.

"हात दिसला ना."

"हात न्हाई म्हनत मी. रस्ता दिसतोय का?"

आईने मान बाहेर काढून बघितलं. ती खोटं बोलली नाही, हे मी तिच्या बाजूने कायम सांगत आले आहे. "कडबा हाय समदा. रस्ता कुठला दिसाया," ती म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. "पोरगी मरंल माझी. घाला की हो."

तात्यांनी गाडी घातली नाही.

रुईछत्तिशीच्या अलीकडे खडीचे ढीग संपले आणि ट्रक आपणहून मातीवर उतरला. आमची जीप त्याच्या खिडकीशी आली तेव्हा आई तात्यांच्या अंगावरून वाकून ओरडली, "हात करून साईड का न्हाई दिली रं?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "म्या कवा हात केला? तंबाखू झटकली आसंल, मावशी." आम्ही पुढे निघालो. पण आईने हात बघितल्यापासून तिथवर समोरून एकसुद्धा गाडी आली नव्हती. रस्ता सगळा वेळ मोकळा होता.

नगरच्या दवाखान्यात मुलगा झाला. तो रडला नाही. अक्काला वाचवता वाचवता डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. बाहेर येऊन ते आईला म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. हे वाक्य कुठल्याही डॉक्टरने म्हणू नये असं माझं मत आहे. त्यांना तिथून पुढच्या पेशंटकडे जायचं असतं. ऐकणाऱ्याला ते घरी घेऊन जावं लागतं.

आमच्या घरी ते वाक्य आलं आणि कडब्याच्या ट्रकला जाऊन चिकटलं. रात्रभर वाट बघितली कुणी, नगरला न्यायचं सुचलं कधी, हे कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी. भावकीतली माणसं भेटायला यायची, चहा प्यायची आणि म्हणायची, तात्याचा हातच भित्रा. आई आल्यागेल्याला सांगायची, "मी सांगत हुते, घाला म्हनून. रस्ता मोकळाच हुता." तिचं दुःख खरं होतं, म्हणून मला तिच्यावर धड रागावताही यायचं नाही. तात्या एकदाही म्हणाले नाहीत, की तो हात साईडचा नव्हताच. एकदा मीच चिडून आईला तसं म्हणाले, तर ते मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय. तिचं लेकरू गेलंय." कुणाचं, अक्काचं की आईचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यात ते स्वतःलाही धरत होते.

त्यांनी जीप चालवणं सोडलं. चुलतभावाला चालवायला दिली आणि स्वतः शेतात लक्ष घालू लागले, जिथे त्या वर्षी लक्ष घालण्यासारखं काही नव्हतं. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर जीपचा आवाज आला की ते घरात निघून जायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

दुष्काळ सरल्यानंतर अक्काला पुन्हा दिवस गेले. या वेळी सगळे शहाणे झाले होते. दिवस भरायच्या आधीच तिला नगरला नातेवाइकांकडे नेऊन ठेवायचं ठरलं. दाजी आले, चुलतभाऊ जीप घेऊन दारात आला, आईने गाठोडी बांधली. अक्का उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तिने तात्यांकडे बघून म्हटलं, "तात्या, तुमी चालवा. तुमी आसला तरच मी बसते."

दाजी जमिनीकडे बघत होते. तात्या म्हणाले, "नगं बाय. मागच्या येळंला काय झालं ते तुला ठावं हाय. दुसरं कुनी बी चालवंल."

आई हातातलं गाठोडं तसंच धरून उभी होती. अक्का तिच्याकडे बघत नव्हती. तिचा आवाज चढलाही नव्हता.

"त्या दिवशी गाडीत मी बी हुते, तात्या," ती म्हणाली. "मी आलेच की माघारी."