शेजारच्या मामांची हलकी बोट

आमच्या शेजारच्या मामांइतका वजनाचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. स्वतःच्या वजनाचा नव्हे, बोटीच्या. उभा जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेला, समुद्र पाहिला तो एकदाच, गोव्याला. पण तिथे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन होड्यांची शिडाची बोट वाऱ्यावर पळताना दिसली आणि मामा कामातून गेले. काम सोडल्यावर त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये तसलीच कॅटामरान बांधायला घेतली. मधले आडवे दांडे दुमडले की दोन्ही होड्या जवळ याव्यात, जीपमागच्या ट्रेलरवर बसाव्यात आणि उजनी धरणाच्या पाण्यात पुन्हा उघडाव्यात, असा बेत. डाव्या होडीत मामांचं अंथरूण, उजवीत मामींचं. "बोट हलकी आसंल तरच पळती, मास्तर," हे ते मला दिवसातून दोनदा ऐकवत.

या हलकेपणापायी त्यांनी घराचा छळ मांडला. शेडच्या दारातच वजनकाटा. बोटीवर जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्यावर चढायची. टूथब्रशांचे दांडे अर्धे कापले, चमच्यांना भोकं पाडली, शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण जड म्हणून त्यावर फडकं बांधलं. मामींनाही काट्यावर उभं केलं. बावन्न किलो. "आता मंगळसूत्र काडून ठिवू का?" मामींनी विचारलं. मामा खरंच विचारात पडले.

बोट पुरी होत आली आणि मामी गेल्या. शेड बरेच दिवस बंद होतं. मग एका सकाळी मामा माझ्या दारात. "रविवारी उजनीला येता का, मास्तर? उजव्या बाजूला कुनीतरी पायजे की." मी माझ्या ब्याण्णव किलोंची सबब पुढे केली. ते म्हणाले, "चालंल. मी स्टोव्ह काडून टाकतो." चमच्यांना भोकं पाडणारा माणूस मला ब्याण्णव किलो माफ करत होता, आणि मी पोहता येत नाही म्हणून सुटका करून घेतली. त्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी दोर आवळायला तेवढा गेलो. उजव्या होडीत, मामींच्या अंथरुणावर, ज्वारीचं पोतं निजवलेलं होतं. वर सोलापुरी चादर, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

"हे कशाला, मामा?"

"ती बाजू रिकामी ऱ्हायली तर बोट कलती."

"किती किलो?"

"चादर धरून बावन्न," मामा म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आता दर रविवारी ते असेच जातात. बोट छान पळते म्हणे. मला त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.