सांगतील तेवढंच

चावीवाला कुणाचंही चटकन खरं मानायचा नाही. डॉक्टरने "काही झालेलं नाही" म्हटलं, की याला वाटायचं, नक्कीच लपवतोय. आणि त्याचं तरी काय चुकलं म्हणा! एकोणीस वर्षं पाणीखात्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करत होता. कुठल्या वस्तीला चावीचे किती आटे सोडायचे, कुठला पाइप कितपत टिकेल, सगळं तोंडपाठ. पण कागदोपत्री काय, तर मदतनीस! कुणाचा मदतनीस ते खात्यालाच ठाऊक. पगारही मदतनिसाचाच.

एक दिवस नोटीस लागली. कामं प्रत्यक्ष पाहून पदं नव्याने ठरवणार, पगारही त्याप्रमाणे.

"कुठंतरी पाणी मुरतंय," तो मेहुण्याला म्हणाला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला खात्यात यानेच चिकटवलेलं. दुपारच्या पाळीत तो हेच काम करायचा. "खातं असं उगाच देतंय होय? डोकं चालवतो म्हणालास, की विचारतील, परवानगी कुणाची? सर्टिफिकेट कुठाय? आणि दाखवतील घरचा रस्ता. म्हणायचं, सांगतील तेवढंच करतो. बस्स."

"बरं, दाजी." दाजींचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

पाहणीला बाई आल्या, त्या सकाळच्या पाळीला. "तुमचं काम सांगा."

"सांगतील तेवढंच करतो."

बाईंनी लिहून घेतलं. याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोन. चौकात मोठी लाइन फुटली होती आणि इंजिनिअरसाहेब ओरडत होते, "मेन व्हॉल्व्ह एकदम बंद कर!"

चावीवाल्याने लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हला लावलं, दुसरं कानाला. चावी फिरवली, ती फक्त अर्धा आटा. ऐकलं. पुन्हा अर्धा. फोनवर शिव्या चालूच.

"ओरडू द्या त्यांना," तो बाईंना म्हणाला. "एकदम आवळला, तर धक्क्याने मागचा जुना पाइप फुटेल. शाळेमागची अख्खी वस्ती आठवडाभर कोरडी!"

काम फत्ते झालं. घाम पुसत वर पाहिलं, तर बाई भराभरा लिहीत होत्या. झालं कल्याण, त्याला वाटलं. साहेबाचा हुकूम मोडला, तोही साक्षीदारासमोर!

दुपारी बाई मेहुण्याच्या पाळीलाही थांबल्या, पण तिथे काहीच बिघडलं नाही.

दोन महिन्यांनी पत्रं आली. चावीवाल्याने आपलं तीनदा वाचलं, मागून-पुढून पाहिलं, खोच कुठे सापडेना. पद: व्हॉल्व्ह ऑपरेटर. पगार वरच्या श्रेणीचा, मागच्या वर्षापासून लागू. कारण: 'चुकीचा आदेश असतानाही स्वतःच्या जाणकारीने योग्य निर्णय घेतात.' त्याला भरूनच आलं.

"आणि माझ्या भावाचं?" बायकोने विचारलं.

मेहुणा दारातच उभा होता, हातात पत्र. मदतनीस, कायम. कारण: 'सांगतील तेवढेच काम करतो, असे स्वतः सांगितले.'

"दाजी, मी एक शब्दही जास्त बोललो नाही," तो म्हणाला. वर अगदी विश्वासाने विचारलं, "मग चुकलं कुठं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"चुकलं माझं," चावीवाला म्हणाला. त्याने स्वतःचं पत्र उचललं आणि निघाला. "चल ऑफिसात. तुला खोटं मीच बोलायला लावलं, असं बाईंना सांगतो. माझं पद गेलं तर गेलं!"

मेहुणा मुकाट्याने चपला घालायला लागला. मग थांबून म्हणाला, "पण दाजी, तिथं मी काय म्हणायचं?"

चावीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.