मावळतीला उतू गेलेलं दूध

माझा थोरला भाऊ कारभारी लई हेकट माणूस. मी धाकटी बहीण हाये, मला असं म्हणायचा हक्क हाये. उभा जन्म त्यानं मेंढरांमागं काढला. कन्नडच्या डोंगरातून निघायचा तो थेट इथं शहरात, बीड बायपासपर्यंत यायचा. शेतकरी बोलवून घ्यायचे, खतासाठी रानात मेंढरं बसवायचे. आता त्याच रानात बिल्डिंगी उभ्या राहिल्यात आणि त्यातल्याच एकीत, चौथ्या मजल्यावर, कारभारी बसून असतो.

बारा सालच्या दुष्काळात मेंढरं विकावी लागली. चारा छावणीत गाई-म्हशी घेत होते, मेंढरांना कोण विचारतं? वहिनी आधीच गेलेली. त्याचा पोरगा राम वाळूजला कंपनीत होता, त्यानं हा फ्लॅट घेतला, बापाला आणून ठेवलं, आणि कंपनीनं त्यालाच जर्मनीला धाडलं. बायको योगिनी, पोरगं, सगळी तिकडंच. राम गुणाचा हाये, त्यात वाद नाय. रोज फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. पण ह्या गुणाच्या पोरानंच बापाला कोंडून ठेवलं, हे मी त्याच्या तोंडावर सुद्धा म्हणेन.

कारभारीचं मागणं काय मोठं होतं? कन्नडला त्याच्या पुतण्याची, बिभीषणाची, अजून मेंढरं हायेत. त्याच्या वाड्यावर जाऊन राहतो, एवढंच. वाडा म्हणजे आमच्यात मेंढरं बसायची जागा, भोवती काट्याचं कुंपण. तिथं झोप लागती म्हणायचा, इथं लागत नाय. राम म्हणायचा, "आबा, गावाकडं प्यायला पाणी नाय, तुमचा गुडघा असा, कुठं जाता?" जसं काय इथं पाणी धो धो वाहत होतं. टँकर आला की ह्याच बिल्डिंगीत बाया बादल्यांवरून भांडायच्या.

त्यात पाडवा. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात वाड्यात गोवऱ्या पेटवून नव्या बोळक्यात मेंढीचं दूध ठेवतात आणि उतू जाऊ देतात. दूध ज्या अंगाला जाईल, त्या अंगाला त्या साली कळप हलवायचा. दूध दिशा दाखवतं आणि मुक्कामाचं नाव घरातला थोरला पोरगा घेतो. एकदा त्यानं नाव घेतलं की बापानं सुद्धा बोलायचं नाय. कारभारी तरणा असताना एकदा दूध उगवतीला गेलं आणि ह्या शहाण्यानं फर्दापूरचं नाव घेतलं. तिकडं गवताची काडी नव्हती. माझा बाप रात्रभर कण्हला, पण कळप फर्दापूरलाच नेला.

राम जर्मनीत हे सगळं पाळतो. विजेच्या शेगडीवर बोळकं ठेवतो, दूध करपलं की धुरानं छताची घंटा बोंबलती, शेजारी दार वाजवतात. तरी सोडत नाय. त्याची अट एकच, आधी आबाचं दूध उतू जाताना फोनवर बघणार, मग आपलं ठेवणार. "आपला पाडवा आपल्याच घरी झाला पाहिजे, आबा," म्हणतो. म्हणून पाडव्याला सुद्धा कारभारीला कन्नड नाय. तिकडं बिभीषणाच्या वाड्यात सगळी भावकी जमलेली, आणि आमचा हा गॅलरीत कपड्याच्या दोरीखाली पिशवीचं दूध घेऊन बसलेला. मी फोन धरायला. फोन बंद झाला की गपचूप फरशी पुसायचा.

पंधरा साली पावसानं परत दगा दिला. त्या पाडव्याला मी गेले तर कारभारी चूल मांडत होता. बोळक्याखाली त्यानं एका बाजूनं खापराचा तुकडा सारला, बोळकं मावळतीला कललं.

"दादा, हे काय करतोस?"

"कन्नड कुठं येतं, पारे? मावळतीला. आता कळप म्हणजे मीच. दूध तिकडं गेल्यावर माझ्या मुक्कामाला राम दुसरं कोणतं नाव घेणार हाये?"

दुधाच्या बाबतीत आम्हाला चुळबूळ सुद्धा न करू देणारा माणूस खापर सारत होता. मला राग यायला पाहिजे होता. पण मला त्याची लई कीव आली, आणि मी फोन असा धरला की खापर दिसू नये.

दूध गेलं मावळतीला. कारभारीनं घसा खाकरला. "मावळतीला गेलं रे, रामा. घे मुक्कामाचं नाव."

राम तिकडं डोळे पुसायला लागला. "आबा, मी कधीपासून म्हणतोय इकडं या, तुम्ही ऐकत नाय. आता दुधानंच सांगितलं. मावळतीला आम्हीच तर आहोत. मी जर्मनीचं नाव घेतो." त्यानं योगिनीला हाक मारली, नातू उड्या मारायला लागला.

मी कारभारीला खुणावत होते, बोल, कन्नड म्हण. त्याचे ओठ हलले. पण नाव घेऊन झालं होतं. तो एवढंच म्हणाला, "बरं."

फोन बंद झाल्यावर मी तोंड सोडलं. "अरे, खापराचं सांगून टाक त्याला. म्हातारपणी परमुलखात मरायला जातोस का? ह्या चौथ्या मजल्यापेक्षा ते काय मोकळं हाये?"

"आणि तो तिकडं दूध ठेवतो ते कशाच्या जिवावर?" कारभारी म्हणाला. "माझ्या दुधावर. मीच लबाडी केली म्हणून सांगू? मग त्या पोराजवळ काय राहतं, पारे?"

मी खापर उचललं आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसले.

आठवड्यानं आम्ही रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो, पासपोर्टच्या फोटोला. फोटोवाला म्हणाला, "बाबा, फेटा उतरवा, कान दिसले पाहिजेत." कारभारीनं परक्या माणसापुढं कधी डोकं उघडं केलेलं नव्हतं. मी त्या फोटोवाल्यावर खेकसले. कारभारी म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं." फेटा उतरवून त्यानं मांडीवर धरला आणि फोटोवाला सांगेल तिकडं बघत बसला.