डेकवरची तार

अमेरिकेतल्या एका बंदरात उभी असलेली ती जुनी विमानवाहू नौका आता संग्रहालय आहे. धाकट्या भावाची मुलगी त्याच शहरात राहते. तिने आम्हा दोघा भावांना तिथे नेले. निघण्यापूर्वी अमरावतीत तीन आठवडे मी त्या नौकेविषयीच वाचत होतो. लांबी, विमानांची संख्या, मोहिमा सगळे पाठ झाले होते.

त्याला कारण होते. तरुणपणी अकोल्याला आम्ही दोघे नौदलाच्या भरतीला गेलो. डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांतला आकडा मला दिसला नाही, त्याला दिसला. त्याने पंधरा वर्षे विमानवाहू नौकेच्या डेकवर काढली आणि तेल्हाऱ्याला परतून कपाशी लावली. मी वर्तमानपत्रात गेलो. नौदलाची प्रत्येक बातमी मागून घेऊन लिहिली. तरी घरात जहाजाचा विषय निघाला की माना त्याच्याकडे वळत. या एका दिवशी त्या माझ्याकडे वळाव्यात, एवढेच मला हवे होते.

सुरुवातीला जमले. माहिती देणारा म्हातारा स्वतः निवृत्त नौसैनिक होता. त्याच्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. पुतणीने कौतुकाने पाहिले.

"दादा, तू त इथलाच वाटून राह्यला," भाऊ म्हणाला.

मग आम्ही वर डेकवर आलो. उतरणारे विमान अडवणारी जाड पोलादी तार तिथे आडवी ताणलेली होती. मी तिच्यावर पाय देऊन पुढे गेलो. इतरही तसेच गेले. भावाने दोन्हीकडे पाहिले, पाय उंच उचलला आणि तार ओलांडली. म्हातारा बोलता बोलता थांबला.

"कोणत्या नौकेवर होतात?" त्याने भावाला विचारले.

नंतर तासभर तो फक्त भावाशीच बोलत होता. भावाचे इंग्रजी तोडकेमोडके, पण दोघांना एकमेकांचे हातवारे नेमके कळत होते. शेवटी म्हाताऱ्याने डेकवरच्या एका विमानाभोवतीची साखळी काढून भावाला त्यात बसवले.

"दादा, ये ना वर! काहून तिथंच उभा राह्यला?"

"पाय दुखतात," मी म्हणालो. दुखत नव्हते.

परतल्यावर रविवारच्या पुरवणीत मी लेख लिहिला. तारेचा प्रसंग सोडवेना. भावाच्या जागी 'एक पर्यटक' असे घातले.

छापून आला त्या सकाळीच तेल्हाऱ्याहून फोन आला.

"मस्त लिवलं दादा. पन तो पर्यटक कोन होता? मले त दिसला नाई."

"होता गर्दीत."

"बरं. भेटला त सांगजो त्याले, पाय चांगला उचलला म्हना."